सतरा जणींत अठरावी

मैत्रिणींनो, २०२५ च्या ६ जूनला कॅलिफोर्नियातल्या एका न्यायालयानं एका मोठ्या खटल्यातली तडजोड मंजूर केली. खटल्याचं नाव 'हाउस विरुद्ध एनसीएए'. हाउस हे एका पोहणाऱ्या कॉलेजकुमाराचं आडनाव, आणि एनसीएए ही अमेरिकेतल्या कॉलेजांच्या खेळांचा कारभार बघणारी संस्था. आपल्याकडे ही बातमी छापून आली असलीच तर क्रीडा पानाच्या तळाशी. आणि क्रीडा पान आपण बायका कधी वाचतो, तर कपाटात अंथरायच्या आधी! पण या तडजोडीत एक छोटासा आकडा आहे, १७. शाळेत लांब पल्ल्याच्या शर्यती धावणाऱ्या आणि पुढे कॉलेजच्या संघातून धावायचं स्वप्न बघणाऱ्या मुलींचं पुढचं सगळं त्या आकड्याशी बांधलं गेलंय. त्यात आपल्या मराठी घरांतून तिकडे गेलेल्यांच्या मुलीही आहेत. म्हणून आज हा विषय.

आधी खटला काय होता ते बघू. अमेरिकेत कॉलेजचे सामने म्हणजे आपल्या गॅदरिंगसारखा घरगुती मामला नव्हे. अमेरिकन फुटबॉल आणि बास्केटबॉलचे कॉलेज सामने टीव्हीवर दिसतात, त्यावर कॉलेजं अफाट पैसा कमावतात. खेळणाऱ्या मुलांना मात्र स्कॉलरशिपपलीकडे काही द्यायचं नाही, असा वर्षानुवर्षांचा नियम. मुलं कोर्टात गेली. तडजोड अशी ठरली की २०१६ पासूनच्या खेळाडूंना मिळून सुमारे २८० कोटी डॉलर दहा वर्षांत द्यायचे, आणि १ जुलै २०२५ पासून प्रत्येक कॉलेजला आपल्या खेळाडूंना थेट पैसे देता येतील, पहिल्या वर्षी २ कोटी ५ लाख डॉलरपर्यंत. ज्यांच्या घामावर कमाई होते त्यांना वाटा मिळाला, यात चूक काहीच नाही. उलट फार आधी व्हायला हवं होतं.

पण पैशाचं भांडं एकच असतं हो. एका ताटात जास्त वाढलं की दुसऱ्या ताटात कमी पडतं, हे आपल्याला कुणी वेगळं सांगायला नको. मागच्या भरपाईतला सिंहाचा वाटा मुलांच्या फुटबॉल आणि बास्केटबॉलकडे जाणार हे हिशेबातच होतं. शिवाय तडजोडीबरोबर आणखी एक नियम आला. पूर्वी प्रत्येक खेळाला किती स्कॉलरशिपा द्यायच्या यावर मर्यादा होती. ती काढली आणि त्याऐवजी संघात किती खेळाडू असावेत यावर मर्यादा घातली. शाळेचा असतो तसा आता संघाचाही पट ठरला. फुटबॉलचा १०५. ट्रॅक आणि मैदानी स्पर्धांचा ४५, त्यात गोळाफेकवाल्या, उड्यावाल्या, शंभर मीटरवाल्या सगळ्या आल्या. आणि क्रॉसकंट्रीचा १७. जी कॉलेजं नव्या व्यवस्थेत सामील झाली त्यांना हे बंधन.

क्रॉसकंट्री म्हणजे गवतातून, चिखलातून, टेकाड चढून-उतरून पळायची शर्यत. तिकडे नववी ते बारावी हे हायस्कूल. ऑगस्टमध्ये क्रॉसकंट्रीचा सराव सुरू होतो, शर्यती नोव्हेंबरपर्यंत चालतात. मग हिवाळ्यात छपराखालचा ट्रॅक, उन्हं वाढली की उघड्यावरचा, तिथे १६०० आणि ३२०० मीटर. म्हणजे लांब पल्ल्याच्या मुलीला वर्षाला तीन हंगाम, सुट्टी जेमतेम.

क्रॉसकंट्रीची गुण मोजायची पद्धत मला फार आवडली. शाळेकडून सात मुली धावतात, त्यातल्या पहिल्या पाचांचे क्रमांक मोजतात. पहिल्या नंबराला एक गुण, विसाव्या नंबराला वीस. पाच जणींची बेरीज ज्या शाळेची सगळ्यात कमी, ती शाळा जिंकली. त्यामुळे एकटी मुलगी कितीही वेगवान असू दे, संघ जिंकतो की हरतो ते बहुतेक वेळा पाचवीवर ठरतं. पाचवी चाळिसावी आली की ऐंशिवी, यात सगळा फरक. एकत्र कुटुंबातल्या धाकट्या जावेसारखं आहे हे. फोटोत मागे उभी, पण ती माहेरी गेली की कळतं घर कोण ओढत होतं!

कॉलेजात गेल्यावरही पद्धत हीच, मुलींचं अंतर वाढून साधारण सहा किलोमीटर होतं. कॉलेजच्या संघात जायचं तर निवड खुद्द कोच करतो. दहावीची इयत्ता संपली की १५ जूनपासून त्याला मुलीशी थेट बोलायला परवानगी. म्हणजे अकरावीचं वर्ष हे खरं परीक्षेचं. वेळा पाठवायच्या, ईमेल करायचे, कॉलेजं बघून यायची. आईबापांचा जीव आपल्याकडे बारावीला जसा टांगणीला लागतो, तसा तिकडे अकरावीला.

पूर्वीच्या पद्धतीत मुलींच्या क्रॉसकंट्री आणि ट्रॅक मिळून १८ स्कॉलरशिपा असत. कोच त्यांचे तुकडे करून वाटत असे, कुणाला अर्धी, कुणाला पाव. उरलेल्या मुली स्कॉलरशिपशिवाय, स्वतःच्या फीवर शिकत संघात येत. त्यांना 'वॉक-ऑन' म्हणतात. आल्या तर या, पळा, सुधारलात तर बघू. कॉलेजचा खर्च कमी, मुलीला संघ मिळाला, कोच मिळाला, चार वर्षांचा वेळ मिळाला. लांब पल्ल्याच्या धावण्यात अशा मुली खूप, कारण या खेळाला ना महागडं साहित्य लागतं ना स्टेडियम. बूट घातले की झालं.

कॉलेजांनाही या मुली हव्या होत्या, त्याचं कारण मजेशीर आहे. १९७२ साली २३ जूनला राष्ट्राध्यक्ष निक्सन यांनी एका शिक्षण कायद्यावर सही केली, त्यातलं नववं प्रकरण म्हणजे 'टायटल नाइन'. सरकारी पैसा घेणाऱ्या शिक्षणसंस्थेनं मुलगा-मुलगी भेद करायचा नाही, एवढंच ते सांगतं. मूळ कायद्यात खेळाचं नावसुद्धा नाही! पण त्याचा सगळ्यात मोठा फायदा मैदानावरच झाला. कायद्याच्या आधीच्या वर्षी अमेरिकेतल्या हायस्कुलांत खेळणाऱ्या मुली सुमारे २ लाख ९४ हजार होत्या, आज त्या ३० लाखांच्या वर आहेत. मग कॉलेजांना दाखवावं लागलं की आमच्याकडे मुलींनाही पुरेशा संधी आहेत. आणि लांब पल्ल्याची एकच मुलगी क्रॉसकंट्रीत, हिवाळी ट्रॅकवर आणि उन्हाळी ट्रॅकवर धावते, म्हणून कागदावर ती तीन वेळा मोजली जाते. एका पोरीत तीन संधी दाखवायच्या, याहून स्वस्त सौदा कुठला? त्यामुळे मुलींचे संघ मोठे ठेवले जात. हेतू काहीही असो, त्या गर्दीत उशिरा फुलणाऱ्या मुलीला जागा मिळत होती. आता १७ म्हणजे १७. अठरावीनं काय करायचं?

हा प्रश्न कोर्टातही आला. एप्रिल २०२५ मधल्या सुनावणीत हरकत घेणाऱ्यांत हायस्कूलमधली एक लांब पल्ल्याची धावपटू मुलगीही होती. न्यायाधीश क्लॉडिया विल्कन यांनीही या मुद्द्यावर तडजोड अडवून धरली. शेवटी मधला मार्ग निघाला. ज्यांची नावं या नियमापायी कापली गेली किंवा ज्यांना त्या वर्षी जागा कबूल केल्या होत्या, त्यांना पटात मोजायचं नाही. घ्यायचं की नाही हे मात्र कॉलेजच्या मर्जीवर. आणि त्यांच्या मागून येणाऱ्या, आज नववी-दहावीत असलेल्या मुलींना ही सवलत नाहीच. तडजोड मंजूर झाल्यावर पाचच दिवसांत आठ महिला खेळाडूंनी अपील केलं. पैशाची वाटणी टायटल नाइनला धरून नाही, असं त्यांचं म्हणणं.

कुणी म्हणेल, १७ ची मर्यादा मुलांनाही आहे, मग मुलींवर वेगळा अन्याय कसला? बरोबर आहे. मुलांचे वॉक-ऑनही गेले, आणि कित्येक आया त्यांच्यासाठीही रडल्या असतील. पण आकडा सारखा असला तरी तो ज्या वयात लागतो, ते वय मुलाला आणि मुलीला सारखं नसतं. आणि नेमकं इथेच मला बोलायचंय.

वयात येताना मुलाचे स्नायू वाढतात, ताकद वाढते. चौदाव्या वर्षापेक्षा सतराव्या वर्षी तो बहुधा आपोआपच जोरात धावतो. मुलीचं तसं नाही. कंबर रुंदावते, अंगावर मांस चढतं, छाती भरते, पाळी सुरू होते. निसर्ग तिची तयारी वेगळ्या कामासाठी करत असतो. त्या दोन-तीन वर्षांत तिची वेळ थांबते, कधी मागेही जाते. यात आजार काही नाही. नीट खाल्लं, घाई केली नाही, तर विशीत तेच अंग मजबूत होतं आणि वेळ पुन्हा सुधारायला लागते. पण कोच बघतो कधी? सोळा-सतराव्या वर्षी! स्टॅनफर्ड विद्यापीठातून धावलेल्या लॉरेन फ्लेशमन यांनी २०२३ मध्ये 'गुड फॉर अ गर्ल' हे पुस्तक लिहिलं. खेळाची सगळी यंत्रणा मुलांच्या शरीरावर बेतलेली आहे, मुलींना त्या साच्यात कोंबलं जातं, हा त्यांचा मुख्य मुद्दा.

माझी भाची १८ वर्षं न्यू जर्सीत आहे. तिची मुलगी यंदा अकरावीत. नववीत असताना तिनं पाच किलोमीटर १९ मिनिटं ५ सेकंदांत पार केलं होतं. अकरावीत तिची वेळ आली १९ मिनिटं ४० सेकंद. दोन वर्षांत उंची वाढली, अंग भरलं. आमची आक्का म्हणाली असती, पोर आता कशी छान बाईमाणूस दिसायला लागली. कोचच्या तक्त्यात मात्र ती ३५ सेकंदांनी 'घसरली'.

हिवाळ्यात भाचीचा फोन आला. ज्या कॉलेजशी बोलणं चालू होतं तिथून नकार आला होता.

"कोच वाईट नाही गं मावशी," ती म्हणाली. "त्यानं सरळ सांगितलं. म्हणे, पूर्वी आम्ही अशा चार-पाच मुली घ्यायचो, दोन वर्षं वाट बघायचो. आता सतरा जागांत वाट कुठे बघणार?"

"मग आता?"

"आता ती ताटातला भात बाजूला सारते. पोळी अर्धीच. विचारलं की म्हणते, शाळेत खाऊन आले. मला काय कळत नाही?"

मी सरळ विचारलं, "पाळी येते का वेळेवर?"

पलीकडे जरा वेळ काहीच आवाज नाही. मग म्हणाली, "दोन महिने झाले. मला वाटलं परीक्षेचं टेन्शन असेल."

मैत्रिणींनो, पाळी हा विषय आपण अजून कुजबुजत बोलतो. पाळी गेली तर खेळणारी मुलगी मनातून खूशच होते, चला, कटकट मिटली. कित्येक कोचही 'सराव चांगला चाललाय' असंच समजत आले. खरं म्हणजे ती धोक्याची घंटा आहे. धावायला जेवढी ऊर्जा लागते तेवढी पोटात जात नसली, की शरीर काटकसर करायला लागतं. महिनाअखेरीला आपण करतो तशी! आधी जे आज अडणार नाही ते बंद. पाळी बंद होते, तिच्याबरोबर स्त्रीसंप्रेरक कमी होतं, आणि हाडांचं भरण थांबतं. हाडांची बहुतेक साठवण विशीपर्यंतच व्हायची असते, ती पुढे भरून काढणं अवघड. मग पायाच्या, कमरेच्या हाडाला बारीक चीर पडते. आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीनं २०१४ मध्ये या अवस्थेला 'रेड-एस' असं नाव दिलं. खेळाच्या मानानं ऊर्जा कमी पडणं, असा त्याचा साधा अर्थ.

यातला सापळा असा की सुरुवातीला फायदा दिसतो. वजन उतरतं, काही महिने वेळ सुधारते. आणि नेमके तेच काही महिने अकरावीचे असले तर? कोच खूश, आईबाप खूश, मुलीला वाटतं आपलं बरोबर चाललंय. चीर पडते ती पुढच्या वर्षी. तोवर सही झालेली असते.

मेरी केन हे नाव तिकडच्या प्रत्येक धावणाऱ्या मुलीला माहीत असतं. न्यूयॉर्क राज्यातली शाळकरी मुलगी. २०१३ मध्ये १७ व्या वर्षी जागतिक स्पर्धेत १५०० मीटरच्या अंतिम फेरीत पोचली. कॉलेजच्या संघात न जाता ती थेट व्यावसायिक झाली, नायकीच्या ओरेगॉनमधल्या प्रकल्पात, त्या काळच्या सगळ्यात नावाजलेल्या कोचकडे. नोव्हेंबर २०१९ मध्ये तिनं 'न्यूयॉर्क टाइम्स'मधून जाहीर सांगितलं, की मला सतत वजन कमी करायला लावलं, सगळ्यांसमोर वजन केलं, तीन वर्षं पाळी आली नाही, पाच हाडं मोडली. कोचनी आरोप नाकारले. तिनं दावा लावला, तो २०२३ मध्ये आपसांत मिटला. देशातली सगळ्यात गुणी पोर, पण जे वय तिचं बहरायचं ते दुखण्यांतच गेलं.

म्हणून मला त्या १७ च्या आकड्याची काळजी वाटते. 'मी दोन वर्षांनी येते, मला जरा वाढू दे' असं म्हणायची सोय मुलीला वॉक-ऑनमध्ये होती. तीच आता आक्रसली. शिवाय कोचसमोर आता फक्त शाळेतल्या मुली नसतात. दुसऱ्या कॉलेजातून बदली करून येणाऱ्या, परदेशातून येणाऱ्या, २१-२२ वर्षांच्या तयार धावपटू असतात. मोजक्या जागांत तो कच्ची कैरी का घेईल? उलट हेही सांगायला हवं, की स्कॉलरशिपची मर्यादा उठल्यामुळे अगदी वरच्या मुलींना आता पूर्वीपेक्षा जास्त मिळू शकतं. पाव स्कॉलरशिपवर कुंथत राहण्यापेक्षा पूर्ण मिळेल. वरचीचं भलं झालं, मधलीची जागा गेली, असा हा मामला आहे.

मुलींच्या धावण्याबद्दल जगानं घाईनं निकाल लावायची ही काही पहिली वेळ नाही. १९२८ च्या अ‍ॅमस्टरडॅम ऑलिंपिकमध्ये बायका पहिल्यांदा ८०० मीटर धावल्या. शर्यत संपल्यावर काही जणी दमल्या, कुणी गवतावर बसली. पेपरवाल्यांनी त्याचं असं रसभरित वर्णन केलं, की जणू मैदानात प्रेतंच पडली होती! झालं, बायकांना हे झेपत नाही असं ठरलं आणि ती शर्यत १९६० पर्यंत बंद. बायकांची १५०० मीटर ऑलिंपिकमध्ये आली १९७२ साली, मॅरेथॉन थेट १९८४ साली. ती पहिली मॅरेथॉन जिंकली मेन राज्यातल्या जोन बेनॉइटनं. टायटल नाइन आलं तेव्हा ती १५ वर्षांची. १९७९ मध्ये तिनं बॉस्टन मॅरेथॉन जिंकली तेव्हा ती बोडन नावाच्या छोट्या कॉलेजात शिकत होती. ऑलिंपिकचं सोनं मिळालं २७ व्या वर्षी.

आपल्याकडेही २७ चाच दाखला आहे. सातारा जिल्ह्यातल्या माण तालुक्यातल्या मोहीची ललिता बाबर २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये ३००० मीटर स्टीपलचेसच्या अंतिम फेरीत धावली, दहावी आली. पी. टी. उषानंतर ३२ वर्षांनी भारतीय मुलगी ट्रॅकवरच्या वैयक्तिक अंतिम फेरीत दिसली, तेव्हा तिचं वय २७. ललिता १७ वर्षांची होती तेव्हा बायकांची स्टीपलचेस ऑलिंपिकमध्ये नव्हतीच, ती आली २००८ ला. सतराव्या वर्षी कुठल्या तक्त्यात तिला बसवलं असतं? आपल्या शालेय स्पर्धांचे गट १४, १७ आणि १९ वर्षांखालचे. तालुक्याला, जिल्ह्याला चौदाखाली बक्षिसं मिळवणाऱ्या किती मुली सतराखाली दिसतात, ते आपल्या गावच्या पीटीच्या सरांना एकदा विचारा. इथे कोच नकार देत नाही, घरातूनच सांगतात, 'दहावी आली, आता पुरे'. पुढे कधीतरी पोलिस भरती निघाली की तीच मुलगी ८०० मीटरसाठी पहाटे डांबरी रस्त्यावर ओढणी बांधून पळताना दिसते, मधल्या तीन-चार वर्षांचा सराव गमावून.

भाचीला मी दोन गोष्टी सांगितल्या. पहिली, आधी डॉक्टर. तीन महिने भरायची वाट बघू नकोस. ती गेली. डॉक्टर बाईंनी रक्त तपासलं, लोह कमी निघालं, सहा आठवडे धावणं बंद आणि चार वेळा जेवण. नातीनं आदळआपट केली, दोन दिवस आईशी बोलली नाही. तिसऱ्या दिवशी स्वतःच खिचडी मागितली म्हणे.

दुसरी गोष्ट कॉलेजची. नव्या व्यवस्थेबाहेर राहिलेली कॉलेजंही पुष्कळ आहेत. हार्वर्ड, येल वगैरे आठ जुन्या विद्यापीठांच्या आयव्ही लीगनं ही तडजोड स्वीकारलेली नाही. तिथे प्रवेश मिळणं मात्र आपल्या आयआयटीसारखं. आणि 'डिव्हिजन थ्री' म्हणून कॉलेजांचा मोठा गट आहे, तिथे खेळाची स्कॉलरशिपच नसते, त्यामुळे सतराचा नियमही लागू नाही. जोन बेनॉइटचं बोडन याच गटातलं. त्यातली बरीच कॉलेजं खासगी, काहींची वर्षाची फी आणि राहणं मिळून ८० हजार डॉलरच्या वर जातं. पण घरच्या उत्पन्नाप्रमाणे मदत मिळते, अभ्यास चांगला असेल तर आणखी. भाचीच्या नवऱ्याचा चेहरा आधी पडला होता, त्याला 'डिव्हिजन वन' असं नातेवाइकांना सांगायचं होतं. मी म्हटलं, जावईबापू, सांगलीत डिव्हिजन कुणाला कळतं? हसला.

आता मायलेकी मिळून कॉलेजांना पत्रं पाठवतायत. वेळा तर कळवतातच, पण या वेळी त्यांनी कोचना विचारायचे प्रश्नही काढलेत. चार वर्षांपूर्वी तुमच्या संघात आलेल्या मुलींपैकी आज किती जणी धावतायत? मुलींची वजनं करता का, आणि करत असाल तर कुणासमोर? एखादीच्या हाडाला चीर पडली तर तिची जागा राहते का? आहाराचा सल्ला द्यायला शिकलेलं माणूस आहे, की कोचच सांगतो? पहिल्या वर्षी वेळ सुधारली नाही तर काय करता?

पाच कोचांना पत्रं गेली. दोघांनी उत्तर दिलं नाही. एकानं माहितीपत्रक पाठवून दिलं. उरलेल्या दोघी बायका आहेत. त्यातल्या एकीनं प्रश्नांची उत्तरं आकड्यांसकट लिहून पाठवली. चार वर्षांपूर्वी नऊ मुली आल्या होत्या, सात अजून धावतायत, दोघींनी सोडलं, आणि त्या दोघींची हरकत नसेल तर त्यांच्याशी बोलणं करून देते. नातीला १९ मिनिटं ४० सेकंदांबद्दल तिनं एकच प्रश्न विचारला होता. त्या वर्षी तुझी उंची किती वाढली?